रोजा, ऊन आणि लघवीची गोळी

२०१९चा रमजान ७ मे रोजी सुरू झाला. वर्धा जिल्ह्यात मे महिना म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पारा ४५च्या आसपास, दुपारी बारानंतर हिंगणघाटच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. सहरी पहाटे सव्वाचारच्या आत उरकायची आणि इफ्तार संध्याकाळी पावणेसातच्या पुढे. म्हणजे साडेचौदा तास घशाखाली पाण्याचा थेंब नाही.

त्या वर्षी अकराव्या रोज्याला माझी फुफी नमाजेत रकाती विसरू लागली. दोन झाल्या की तीन, हे तिला आठवेना. वय ६७, लहानपणापासून नमाजेची पक्की. आम्ही म्हटलं, उष्णतेने होत असेल. दुसऱ्या दिवशी तिने मला माझ्या वारलेल्या वडिलांच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, "दुकान बंद करके इतनी जल्दी क्यों आया?" तिसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या दारात तोल जाऊन पडली. घरात बायका कुजबुजायला लागल्या. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं गिरडला बाबा फरीदच्या टेकडीवर नेऊन आणा, बरं वाटेल. मला गिरडबद्दल आदर आहे. लहानपणापासून तिथे जातो, हिंदू-मुसलमान दोघंही तिथे सारख्याच श्रद्धेने पायऱ्या चढतात. पण त्या दिवशी गिरडला न जाता आम्ही वर्ध्याला दवाखान्यात गेलो, तेही श्रद्धा-अंधश्रद्धेचा विचार करून नव्हे. शेजाऱ्याची गाडी त्या बाजूला निघाली होती, एवढंच.

रक्त तपासलं. रक्तातलं सोडियम, म्हणजे सोप्या भाषेत मीठ, साधारण १३५ ते १४५ असावं लागतं. फुफीचं ११४ होतं. क्रिएटिनिनही वाढलेलं. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टर मुलीने पहिला प्रश्न विचारला, "आजी कोणत्या गोळ्या घेतात? पट्ट्या आणल्यात का?" आणल्या नव्हत्या. घरून फोटो मागवला. बीपीच्या गोळीच्या नावापुढे छोटं 'एच' अक्षर होतं. चार वर्षं फुफी ती गोळी रोज घेत होती आणि ते 'एच' कशाचं आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते हायड्रोक्लोरोथायाझाइडचं. लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध. आपल्याकडे सरळ 'लघवीची गोळी' म्हणतात, पुस्तकात मूत्रल.

मला तेव्हा वाटलं की गोळीने लघवी जास्त झाली, रोज्यात पाणी मिळालं नाही, शरीर सुकलं, इतकीच ही गोष्ट. डॉक्टर मुलगी म्हणाली, अर्धीच बरोबर आहे. "आजी रात्री काय पितात?" आम्ही अभिमानाने सांगितलं की इफ्तारपासून सहरीपर्यंत आम्ही तिला तीन-साडेतीन लिटर पाणी पाजतो. मुद्दाम. ऊन आहे म्हणून. जेवण मात्र ती जेमतेम करायची, दोन खजूर, थोडं फळ, अर्धी पोळी. आणि बीपी आहे म्हणून मीठ बंदच. डॉक्टर मुलगी थोडी गप्प झाली आणि म्हणाली, "तुम्ही काळजीनेच केलंत, पण त्यानेच झालं."

हे समजायला मला बरेच दिवस लागले, म्हणून इथे नीट लिहितो.

ईदच्या आधी आमच्याकडे घरातली जुनी संदूक पूर्ण रिकामी करतात. सगळं बाहेर काढायचं, मग हवं ते परत ठेवायचं, नको ते फेकायचं. मूत्रपिंडं दिवसभर हेच करतात. रक्तातला पातळ भाग शरीरात जेमतेम तीन लिटर असतो, पण दोन्ही मूत्रपिंडं मिळून रोज सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. म्हणजे तेच ते पाणी दिवसात साठेक वेळा गाळणीतून जातं. त्यातलं ९९ टक्के परत घेतलं जातं आणि उरलेलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून जातं. परत घेण्याचं हे काम प्रत्येक मूत्रपिंडातल्या दहा-दहा लाख सूक्ष्म नळ्या टप्प्याटप्प्याने करतात. पहिल्या टप्प्यात दोन-तृतीयांश मीठ-पाणी परत येतं. पुढे नळी खाली जाऊन वर वळते, तिथे मिठाचा आणखी एक चतुर्थांश भाग. त्यानंतर शेवटाकडे थोडंथोडं.

लघवीच्या गोळ्या पाण्याला हात लावत नाहीत, त्या मीठ परत घेण्याचं दार बंद करतात. मीठ लघवीत राहिलं की पाणी त्याच्यामागे जातं. कोणतं दार बंद होतं त्यावर गोळीची ताकद ठरते. फ्युरोसेमाइड वळणावरचं मोठं दार बंद करते. तासाभरात लघवी सुरू, सहा तासांत खेळ संपला. हृदय कमजोर होऊन पायावर, फुप्फुसात पाणी भरलेल्या माणसाला तीच लागते. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन ह्या पुढचं लहान दार बंद करतात. जोर कमी, पण काम दिवसभर. बीपीला ह्याच. स्पायरोनोलॅक्टोन शेवटच्या टप्प्यावर काम करते आणि इतरांच्या उलट शरीरात पोटॅशियम साठवते.

आता फुफीचं काय झालं ते. ते जे लहान दार आहे, तिथेच मूत्रपिंड लघवी पातळ करत असतं. जास्तीचं साधं पाणी प्यायलो तर पातळ लघवी करून ते फेकून देण्याची सोय तिथे आहे. गोळीने नेमकं तेच दार बंद केलं होतं. त्यात दिवसभराच्या तहानेने मेंदू पाणी धरून ठेवण्याचा संदेश देत होता. अशा शरीरात आम्ही रात्री तीन लिटर बिनमिठाचं पाणी ओतलं. मीठ रोज बाहेर जात होतं, पाणी आत साचत होतं. रक्त पातळ झालं, मेंदूच्या पेशी फुगल्या, आणि फुफीला भाऊ दुकानातून आलेला दिसला.

उपचार साधा पण जपून करण्याचा होता. गोळी बंद केली आणि सलाइन सावकाश दिलं. सोडियम एका दिवसात आठ-दहाच्या वर चढू द्यायचं नसतं, घाई केली तर मेंदूला कायमची इजा होते. पाचव्या दिवशी तिने स्वतःहून विचारलं, "मेरे कितने रोजे गए?" तेव्हा आम्ही समजलो की ती परत आली.

यात चूक कुणाची, हे मी बराच काळ मनात घोळवत होतो. फुफी रमजानच्या आधी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली होती. त्यांनी बीपी मोजलं, "छान आहे, गोळी चालू ठेवा" म्हणाले. चार वर्षांत त्यांनी एकदाही सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगितलं नव्हतं आणि त्या दिवशी रोजे ठेवणार का, हेही विचारलं नाही. फुफीनेही सांगितलं नाही. तिला वाटलं, "डॉक्टर को क्या बोलना, वो मना करेगा." मशिदीत तीस दिवस बयान झालं, रोज्याची फजीलत, जकात, शब-ए-कद्र. औषधाचा विषय निघाला नाही. डॉक्टरला धर्माचं विचारायचा संकोच, मौलानांना औषधाचं बोलायचा संकोच, आणि पेशंटला दोघांचीही भीती. ह्या तीन संकोचांच्या मधे म्हातारी माणसं पडतात.

माझं मत स्पष्ट आहे. ह्यात सगळ्यात सोपं काम आपल्याच, म्हणजे समाजाच्या हातात आहे आणि तेच आपण करत नाही. कुरआनात सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींमध्ये आजारी आणि प्रवासी माणसाला सरळ सूट आहे. बरं झाल्यावर तेवढे रोजे नंतर ठेवा, ज्याला झेपतच नाही त्याने गरिबाला जेवू घाला. हे प्रत्येक मौलानाला पाठ आहे. पण आपल्या मोहल्ल्यात ही सूट घेणारा माणूस चोरून जेवल्यासारखा वागतो. फुफी पुढची दोन वर्षं फिदया देत होती आणि दुपारी जेवताना दाराला कडी लावत होती. दीनने दिलेली सवलत समाज काढून घेतो, आणि मग सबर म्हणून तिचं कौतुक करतो. मला हे पटत नाही.

दुसरीकडे, डॉक्टरी पेशाने "रोजे ठेवू नका" असं एका वाक्यात सांगून हात झटकणंही मला पटत नाही. ते वाक्य ऐकून माणूस रोजा सोडत नाही, डॉक्टर सोडतो. जगभरात यावर काम झालं आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०१६ आणि पुन्हा २०२१ मध्ये रमजानसाठी खास मार्गदर्शिका काढल्या. कुणाला धोका जास्त, कुणाला कमी, कोणती गोळी कधी, हे त्यात आहे. बीपीच्या बऱ्याच रुग्णांना डॉक्टर त्या महिन्यापुरती लघवीची गोळी बदलून दुसऱ्या प्रकारची देऊ शकतात. पण त्यासाठी दोन-तीन आठवडे आधी भेटावं लागतं, चाँदरातीला नव्हे.

एक अडचण अशी आहे जी फक्त नमाजी माणसालाच कळते. समजा डॉक्टरने सांगितलं, गोळी इफ्तारनंतर घ्या. फ्युरोसेमाइड मगरीबला घेतली तर ती बरोबर इशा आणि तरावीहच्या वेळेला काम करते. वीस रकातींमध्ये दोनदा-तीनदा उठावं लागतं, वुजू जातो, सफ मोडून बाहेर पडताना लोक बघतात. म्हणून लोक काय करतात? गोळीच घेत नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका चाचांनी असाच अख्खा रमजान गोळीविना काढला. त्यांचं हृदय कमजोर होतं, गोळी बीपीची नव्हती, फुप्फुसातलं पाणी काढायची होती. विसाव्या रोज्याला रात्री दोन वाजता त्यांना आडवं होता येईना, उशाला भिंत लावून बसले, ओठ निळे. त्यांना गोळीविना झालं, फुफीला गोळीने झालं. म्हणूनच व्हॉट्सअपवर फिरणारं "उन्हाळ्यात लघवीची गोळी बंद करा" किंवा "ही गोळी किडनी खाते" असलं ज्ञान मला विषासारखं वाटतं. फिकहमध्ये लघवी थांबत नसलेल्या माणसाला माजूर मानून एका नमाजेच्या वेळेसाठी एका वुजूची सवलत आहे; ती चाचांना लागू होते का हे त्यांनी कुणाला विचारलंच नाही. तरावीह घरी पढली असती तरी चाललं असतं.

ही गोळी वाईट नाही, उलट. २००२ साली अमेरिकेत ३३ हजारांहून जास्त रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासात जुनी, स्वस्त क्लोरथॅलिडोन नव्या महागड्या गोळ्यांच्या तोडीस तोड निघाली. पहिले काही आठवडे ती पाणी कमी करून बीपी उतरवते, नंतर पाणी जवळपास पूर्ववत होतं आणि रक्तवाहिन्या सैल राहतात. गरिबाला परवडणारं इतकं चांगलं औषध क्वचित मिळतं. आपल्या जिल्ह्याचा तर यात विशेष संबंध आहे. २०१७च्या शेवटी केंद्राचा उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा, सातारा, सिंधुदुर्गबरोबर वर्धा होता. गावागावांत बीपी मोजलं गेलं, गोळ्या फुकट मिळू लागल्या. चांगलंच झालं. पण गोळी घरापर्यंत पोहोचते तितक्या सहज तिच्याबद्दलची माहिती पोहोचत नाही.

बीपीचं वर्ध्याशी जुनं नातं आहे. सेवाग्रामला १९३६ साली राहायला आलेल्या गांधीजींच्या आरोग्याच्या नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. १९३७च्या ऑक्टोबरात त्यांचं बीपी १९४/१३० आणि १९४०च्या फेब्रुवारीत २२०/११० होतं. मिठासाठी दांडीला चालत गेलेला माणूस! तेव्हा बीपीवर औषध म्हणण्यासारखं सर्पगंधेपलीकडे फार काही नव्हतं. लघवी वाढवायला पाऱ्याची इंजेक्शनं होती. ती कशी सापडली तेही गमतीदार आहे. १९१९ साली व्हिएन्नात एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की गरमीच्या रोगासाठी पाऱ्याचं इंजेक्शन दिलेली मुलगी भरमसाट लघवी करते आहे. थायाझाइडची गोळी बाजारात आली १९५८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर दहा वर्षांनी. त्यांची तब्येत पाहणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. आणखी एक, गांधीजी उपासात पाणी सोडत नसत. पाण्याविना उपास ही गोष्टच वेगळी आहे, आणि मूत्रपिंडांना तोच फरक कळतो.

हा प्रश्न फक्त रोजेदारांचा आहे असं कुणी समजू नये. ज्येष्ठातली निर्जला एकादशी अशाच उन्हात येते. शेतावर मे-जूनमध्ये ढेकळं फोडणाऱ्या, पऱ्हाटीच्या पेरणीला वाकलेल्या बाया तासाला लिटरभर घाम गाळतात. त्यांच्यातल्या किती जणींना बीपीची गोळी आहे आणि किती जणी ती मुद्दाम चुकवतात, हे आशाताईंना विचारा. कारण साधं आहे. शेतात संडास नाही, एसटी स्टँडवरच्या संडासात पाय ठेववत नाही. नागपूरला जायचं त्या दिवशी गोळी नाही आणि पाणीही नाही, हा नियम माझ्या आईने आयुष्यभर पाळला. आपण ह्याला बायकांचा निष्काळजीपणा म्हणतो.

आणि गुडघ्याची गोळी. हे मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतं. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन, सोबत 'एच', आणि वरून दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफेनॅक किंवा गावातल्या इंजेक्शनवाल्याकडून टोचून घेतलेलं. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी नळी दुखण्याच्या गोळीने आवळते, रक्त नेणारी नळी टेल्मिसार्टनने सैल होते, आणि लघवीच्या गोळीने मुळात पाणीच कमी झालेलं असतं. गाळणीतला दाबच संपतो. तरुण माणूस उन्हातून परत येऊन पाणी पिऊन सावरतो, म्हाताऱ्याची दोन दिवसांत लघवी बंद होते. फुफीही गुडघ्याची गोळी घ्यायची. क्रिएटिनिन त्यानेच वाढलं होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. जुलाब-उलट्या सुरू असताना, पाणी पोटात ठरत नसताना ह्या गोळ्या काही दिवस थांबवायच्या असतात, हे आपल्याला कुणी सांगतं का? डॉक्टरला फोन करून विचारायचं असतं, तेवढं तरी?

अजून एक गंमत, खरं तर गंमत नाही. बीपीची सुरुवात बहुतेकदा ॲम्लोडिपिनने होते. तिने काहींचे पाय सुजतात. ती सूज शरीरात जास्त पाणी झाल्याने येत नाही, बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्याने येते. पण पाय सुजले म्हणून कुणीतरी लघवीची गोळी लिहून देतो, किंवा मेडिकलवाला देतो, किंवा जावेची पट्टी वापरली जाते. सूज तशीच, मीठ मात्र कमी. सराट्याचा काढा, मक्याचे केस उकळून पिणं हेही त्यात भर घालतं. शेन वॉर्न आठवतो? २००३च्या विश्वचषकातून त्याला परत पाठवलं, वर्षभर बंदी घातली, कारण आईने दिलेली लघवीची गोळी त्याने घेतली होती. घरोघरच्या आया सारख्याच.

२०२०च्या ऑक्टोबरात डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि ती शुगरची गोळी स्वस्त होऊन सगळीकडे पोहोचली. हृदयाला, मूत्रपिंडाला तिचा चांगला फायदा आहे. पण ती साखर लघवीतून काढते आणि पाणी साखरेमागेही जातं. नावात 'एच' नाही, तरी रोज्याच्या दृष्टीने तीही लघवीची गोळीच. शुगरवाल्यांनी ही गोष्ट ऐकून घ्यावी.

रमजान आता हिवाळ्याकडे सरकतो आहे. २०३०मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. मे महिन्यातला रमजान पुन्हा यायला पंचविसेक वर्षं आहेत. म्हणून काहीजण मला म्हणतात, आता कशाला हा विषय? पण फुफीला झालं ते फक्त उन्हाने झालं नाही. आणि ऊन तर दरवर्षी येतं, रमजान असो-नसो.

मला एकच गोष्ट सुचली आणि ती मी करून बघितली. शाबान महिन्यात प्रत्येक मशिदीतून सहरी-इफ्तारच्या वेळांचं कार्ड वाटलं जातं. प्रत्येक घराच्या फ्रिजवर ते चिकटलेलं असतं. त्याच्या मागच्या बाजूला एक चौकट हवी. गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' असेल, लघवीची, हृदयाची किंवा शुगरची गोळी चालू असेल, तर शब-ए-बरातच्या आत डॉक्टरांना पट्टी दाखवा, रोजे ठेवायचे आहेत हे स्वतःहून सांगा, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घ्या, मनाने गोळी बंद करू नका, मनाने चालूही ठेवू नका. एवढंच. मौलानांना दाखवलं, त्यांनी खाली आयतींचे क्रमांक स्वतः लिहून दिले. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, मागची बाजू गादीवाल्याने आणि टेलरने घेतली आहे, दीड हजार रुपये आलेत. थोडी घासाघीस झाली. शेवटी टेलरच्या जाहिरातीखाली चार ओळी मिळाल्या, बारीक अक्षरात.

कार्ड वाटल्याच्या तिसऱ्या दिवशी ते चाचा, उशाला भिंत लावून बसलेले, आमच्या दारात आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत सात पट्ट्या, चष्मा विसरलेले. म्हणाले, "बेटा, इसमें एच कौन से पे है, जरा देख दे." एकावरही नव्हतं. फ्युरोसेमाइडची पट्टी मात्र होती, दोन महिन्यांपूर्वीची, दहातल्या आठ गोळ्या तशाच.